पेपरातली जाहीर नोटीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात, चौकटीत दाटीवाटीनं बसलेला मजकूर असतो. आपण तो ओलांडून पुढे जातो. मग कधीतरी वकील, बँक किंवा सरकारी कार्यालय सांगतं, ‘आधी पेपरात नोटीस द्या,’ आणि प्रश्न पडायला लागतात. मी काही वर्षं अशा नोटिसांची प्रुफं वाचली आहेत. त्या काळात लोकांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे एकत्र केलंय. दाखले भारतातल्या कायद्यांचे जास्त आहेत, पण यामागचा तर्क सगळीकडे सारखाच असल्यामुळे ब्रिटन-अमेरिकेतलेही काही घेतले आहेत.

वकिलाची नोटीस आणि पेपरातली नोटीस एकच का?

नाही. वकिलाची नोटीस एका ठरावीक माणसाला, त्याच्या पत्त्यावर जाते. जाहीर नोटीस ज्याच्यासाठी असते तो माणूस एक तर कोण आहे हेच माहीत नसतं, किंवा माहीत असूनही सापडत नसतो. कधी तो एकटा नसतोच, हजारो लोक असतात. ‘तमाम लोकांस’ अशी सुरुवात करावी लागते ती यामुळे. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

खरं सांगा, या नोटिसा कुणी वाचतं का?

फार थोडे लोक. बँकांचे कर्जविभाग वाचतात, जमिनीचे दलाल वाचतात, काही वकील चहा घेता घेता नजर टाकतात. आणि प्रत्येक गावात एखादे निवृत्त गृहस्थ असतात, जे पेपर मास्टहेडपासून (पहिल्या पानावरच्या पेपरच्या नावापासून) मुद्रकाच्या नावापर्यंत वाचून काढतात. ‘अहो, तुमच्या चुलत्यांच्या जमिनीची नोटीस आलीय’ असा फोन बहुधा त्यांचाच असतो.

न्यायालयांनाही हे ठाऊक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५० साली ‘मुलेन विरुद्ध सेंट्रल हॅनोव्हर बँक’ हा खटला होता. त्यात न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी स्पष्टच लिहिलं की मागच्या पानांवर बारीक टाइपात छापलेली जाहिरात त्याच गावातल्या माणसाच्या नजरेला पडली, तर तो निव्वळ योगायोग.

बातमी वाचली गेली की तिचं काम संपतं. नोटिशीचं काम छापून आल्यावर सुरू होतं. त्या तारखेपासून मुदत मोजतात, आणि उद्या कुणी ‘मला सांगितलंच नाही’ म्हणत उभा राहिला तर त्याच्यापुढे तो अंक ठेवतात. ती सांगितल्याची पावती आहे. सांगणं आणि सांगितल्याची पावती यांत अंतर पडतं, तिथेच बहुतेक भांडणं होतात.

मग कायदा ती मागतो तरी कशाला?

दोन गरजा आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट ओढतात.

पहिली अशी की कुणाचंही म्हणणं ऐकल्याशिवाय त्याच्या हक्काचा निकाल लावायचा नाही. पण म्हणणं मांडायचं तर आधी त्याला कळायला हवं. दुसरी गरज अशी की कुठलंही प्रकरण कधीतरी मिटायला हवं. मृत माणसाची मालमत्ता वाटून द्यायची आहे. त्यानं कुणाकुणाकडून उसने घेतले होते हे त्याच्याबरोबर गेलं. मृत्युपत्राच्या व्यवस्थापकानं अज्ञात धनकोंची वाट किती वर्षं पाहायची? ब्रिटनच्या १९२५ च्या ट्रस्टी अॅक्टमधल्या कलम २७ नं यावर तोडगा काढला. राजपत्रात, आणि मालमत्तेत जमीन असेल तर त्या भागातल्या वर्तमानपत्रातही, नोटीस द्यायची. किमान दोन महिने थांबायचं. मग हाती आलेल्या दाव्यांपुरती तजवीज करून उरलेलं वाटून टाकायचं. नंतर एखादा धनको उगवला तर व्यवस्थापकाच्या स्वतःच्या खिशाला हात लागत नाही. धनकोचा हक्क मात्र मेलेला नसतो. मालमत्ता ज्या वारसांच्या हाती गेली, त्यांच्यामागे तो जाऊ शकतो. नोटिशीनं व्यवस्थापक सुटला, ऋण तसंच राहिलं. हा बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटतो.

भारतातलं उदाहरण भागीदारीचं. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार तुम्ही फर्ममधून बाहेर पडलात, पण जाहीर नोटीस दिली नाहीत, तर त्यानंतरही फर्मनं केलेल्या व्यवहारांसाठी बाहेरचे लोक तुम्हाला जबाबदार धरू शकतात. अपवाद एवढाच की तुम्ही भागीदार होतात हेच ज्याला माहीत नव्हतं, त्याला तसं म्हणता येत नाही. जाहीर नोटीस म्हणजे काय हेही त्याच कायद्यात आहे: राजपत्रात आणि फर्म असलेल्या जिल्ह्यात खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात प्रसिद्धी. फर्म नोंदणीकृत असेल तर निबंधकाकडेही कळवावं लागतं. ‘आम्ही आपसांत लिहून घेतलंय’ हे भागीदारांपुरतं ठीक आहे. उधारीवर माल देणाऱ्याला तुमचा आपसांतला कागद कसा दिसणार?

पण वर्तमानपत्रच का? दुसरं साधन नव्हतं?

होतं की. दवंडी होती, आणि कायद्याच्या पुस्तकात ती आजही आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश २१, नियम ५४ काढून पाहा. स्थावर मिळकत जप्त करताना तो हुकूम मिळकतीवर किंवा तिच्याजवळ ढोल वाजवून अथवा रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीनं पुकारायचा, आणि प्रत मिळकतीवर व न्यायालयाच्या इमारतीवर दिसेल अशी डकवायची, असं तिथे लिहिलंय. लिलावाची उद्घोषणाही याच रीतीनं करायची असते. न्यायालयानं सांगितलं तर ती राजपत्रात किंवा स्थानिक वर्तमानपत्रात द्यायची आणि तो खर्च विक्रीच्या खर्चात धरायचा.

दवंडीची अडचण ही की ती हवेत विरते. ढोल खरंच वाजला होता का, यावर वीस वर्षांनी साक्षीदार कुठून आणणार? छापील कागदाला तारीख असते. ‘लंडन गॅझेट’ १६६५ च्या नोव्हेंबरात सुरू झालं तेव्हा प्लेगमुळे राजदरबार ऑक्सफर्डला हलला होता, म्हणून त्याचं पहिलं नाव ‘ऑक्सफर्ड गॅझेट’. सरकारी नोटिसांसाठी ते आजही निघतं. अमेरिकेच्या पहिल्याच काँग्रेसनं १७८९ मध्ये नवे कायदे निदान तीन वर्तमानपत्रांत छापावेत असं ठरवून टाकलं.

माझ्या मते खरं कारण वेगळंच आहे. छापणारा तिसरा असतो. जमीन घेणारं सरकार, वसुली करणारी बँक, दावा लावणारा वादी यांनी नोटीस आपल्याच फळ्यावर लावली तर ती कधी लावली, कधी काढली, मधे बदलली का, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. वर्तमानपत्राचा अंक एका सकाळी हजारो घरांत जातो आणि ग्रंथालयांत फायलीला लागतो. त्यातला मजकूर रात्रीतून बदलता येत नाही. अंकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव असतं आणि त्यांची सरकारदरबारी नोंद असते. भारतात ही नोंद आधी १८६७ च्या कायद्यानं होत असे, आता २०२३ च्या कायद्यानं होते. पुराव्याचा कायदाही वर्तमानपत्राचा अंक अस्सल आहे असं गृहीत धरतो. लक्षात घ्या, अंक अस्सल, आतला मजकूर खरा असं नव्हे.

कोणकोणत्या वेळी नोटीस बंधनकारक असते?

पूर्ण यादी देता येणार नाही, ती फार मोठी आहे. नेहमी गाठ पडते ती अशी.

भूसंपादनात. २०१३ च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत (पैकी एक प्रादेशिक भाषेतलं), ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत, महसुली कार्यालयांत आणि संकेतस्थळावरही द्यावी लागते. हरकतीसाठी ६० दिवस असतात. ज्याची जमीन आहे त्यानं ही मुदत चुकवणं फार महागात पडतं.

कर्ज थकल्यावर. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेनं स्थावर मिळकतीचा ताबा घेतला की सात दिवसांच्या आत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत ताबा नोटीस द्यायची, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. घर विकत घेणाऱ्यांनी निदान या नोटिसा तरी नजरेखालून घालाव्यात. आपण बयाणा देऊन बसलेला फ्लॅट तिथे दिसल्याची प्रकरणं घडतात.

कंपनीनं नोंदणीकृत कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना एक जाहिरात तिथल्या प्रमुख भाषेत आणि एक इंग्रजीत द्यायची असते. फरारी आरोपीच्या बाबतीत उद्घोषणा गावात मोठ्यानं वाचायची, त्याच्या घरावर आणि न्यायालयात डकवायची, हे सक्तीचं. पेपरात देणं न्यायालयाच्या मर्जीवर असतं.

जमीन किंवा घर खरेदी करण्यापूर्वीची ‘हरकत असल्यास कळवावे’ ही नोटीस आपल्याला सगळ्यांत जास्त दिसते. गंमत म्हणजे ती सहसा कायद्यानं सक्तीची नसते. खरेदीदाराचा वकील ती काळजीपोटी देतो.

पत्ता माहीत असताना पत्र न पाठवता नुसती पेपरात नोटीस दिली तर?

हा खरा कळीचा प्रश्न. उत्तर: चालत नाही, आणि केलंत तर तेच पुढे अंगावर येतं.

वर सांगितलेल्या मुलेन खटल्यात एका बँकेनं अनेक लहान ट्रस्टांचा पैसा एकत्र करून एकच सामाईक निधी चालवला होता. हिशेब न्यायालयाकडून मंजूर करून घेण्यासाठी तिनं लाभार्थींना फक्त वर्तमानपत्रातून नोटीस दिली. त्यांतल्या बऱ्याच जणांचे पत्ते बँकेच्या वहीत होते; त्यांना उत्पन्नाचे पैसे त्याच पत्त्यांवर जात होते! न्यायालय म्हणालं, ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही त्यांच्यापुरती छापील नोटीस पुरे, पण पत्ता हाताशी असलेल्यांना टपालानं कळवलंच पाहिजे. ‘जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स’ या २००६ च्या निकालात ते आणखी पुढे गेलं. थकलेल्या करापायी राज्यानं घर विकायला काढलं होतं. मालकाला पाठवलेली नोंदणीकृत पत्रं न स्वीकारता परत आली, पेपरात नोटीसही आली. न्यायालयानं विचारलं, पत्र परत आल्याचं दिसत असताना स्वस्थ का बसलात? साधं पत्र टाकता आलं असतं, दारावर चिठ्ठी चिकटवता आली असती.

भारतात दिवाणी दाव्याचं समन्स आधी नेहमीच्या रीतीनं बजावायचं असतं. प्रतिवादी मुद्दाम तोंड चुकवतोय किंवा दुसऱ्या कारणानं बजावणी होत नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच आदेश ५, नियम २० खाली पर्यायी बजावणी, म्हणजे हाती न देता दुसऱ्या मार्गानं समन्स पोचवण्याची मुभा, मिळते. वर्तमानपत्राचा मार्ग निवडला तर प्रतिवादी शेवटचा जिथे राहत होता, धंदा करत होता किंवा काम करत होता, त्या भागात खपणारं दैनिक हवं. काही वादी दूरच्या शहरातलं, त्या गावात कुणी पाहत नाही असं वर्तमानपत्र शोधून काढतात. ही हुशारी अपिलात टिकत नाही.

नोटिशीची भाषा अशी जुनाट का असते?

एक नमुना पाहू. नावं-गावं काढून टाकली आहेत.

‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, खालील परिशिष्टात वर्णन केलेली मिळकत तिचे मालकांनी आपली स्वकष्टार्जित, निर्वेध व कब्जेवहिवाटीची असल्याचे सांगून आमचे अशिलास कायम खरेदी देण्याचे मान्य केले आहे. सदर मिळकतीवर कोणाचाही विक्री, गहाण, दान, बक्षीस, वारसा, पोटगी, कुळवहिवाट, ताबा अथवा अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क वा हितसंबंध असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झालेपासून १४ दिवसांचे आत मूळ कागदपत्रांनिशी खालील पत्त्यावर हरकत नोंदवावी. अन्यथा तसा हक्क कोणाचाही नाही व असल्यास तो सोडून दिला आहे असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल.’

‘स्वकष्टार्जित’ हा शब्द मोठं काम करतो. विकणारा म्हणतोय की ही वडिलोपार्जित नाही, भावाबहिणींचा हिस्सा नाही. बहिणीनं पेपर वाचला तर तिचं बोट याच शब्दावर थांबेल. ‘विक्री, गहाण, दान...’ ही माळ पाल्हाळ वाटते, पण प्रत्येक शब्द एकेका वेगळ्या दावेदाराला हाक मारतो: ‘गहाण’ सावकाराला, ‘पोटगी’ विभक्त पत्नीला, ‘कुळवहिवाट’ कसणाऱ्याला. ‘मूळ कागदपत्रांनिशी’ हे शब्द कागद नसताना नुसता अडथळा घालणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी. आणि परिशिष्टात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. सगळ्या नोटिशीचा जीव या परिशिष्टात असतो, आणि घाईत सगळ्यांत कमी तपासलं जातं तेही तेच.

१४ दिवसांत हरकत घेतली नाही तर माझा हक्क खरंच जातो का?

वकिलानं खासगी व्यवहारासाठी दिलेल्या नोटिशीनं? नाही. कुणी पेपरात ‘समजून’ घेतलं म्हणून तुमचा वारसाहक्क संपत नाही. १४ दिवस हा आकडाही कायद्यातून आलेला नाही. कुणी ७ लिहितं, कुणी १५.

मग उपयोग काय? खरेदीदाराला पुढे न्यायालयात म्हणता येतं, ‘मी कागद तपासले, नोटीस दिली, कुणी आलं नाही, मी प्रामाणिकपणे पैसे मोजले.’ मालमत्ता हस्तांतरण कायद्यात वाजवी काळजी घेणाऱ्या प्रामाणिक खरेदीदाराला काही परिस्थितींत संरक्षण आहे आणि नोटीस ही त्या काळजीची एक खूण. एकमेव खूण नव्हे. नोंदणी कार्यालयात शोध घेतला असता तर जे सापडलं असतं, ते न पाहता नुसत्या नोटिशीवर विसंबलात तर ती ढाल कागदाचीच.

कायद्यानंच ठरवलेल्या मुदतीची गोष्ट वेगळी. भूसंपादनातले ६० दिवस हे खरे ६० दिवस आहेत.

छापताना चूक झाली तर?

कुठली चूक, यावर आहे. ‘कळविण्यात’ची वेलांटी चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही. गट नंबरातला एक आकडा चुकला तर तुम्ही दुसऱ्याच माणसाच्या जमिनीवर हरकती मागवल्या. एकदा माझ्या हातून ८६ चा ६८ सुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ६८ चा मालक पेपर हातात घेऊन दारात. त्याची जमीन विकायला निघाली म्हणून भावकीत रात्रभर गदारोळ झाला होता. शुद्धिपत्रक छापलं, पण मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली, कारण ज्याला हरकत घ्यायची होती त्याला खरा नंबर शुद्धिपत्रकातच कळणार होता. तेव्हापासून आकडे मी शेवटून उलटे वाचतो.

प्रूफ तुमच्याकडे आलं की मजकूर सोडा, आधी आकडे, नावं आणि मुदत मूळ कागदाशी ताडून पाहा. सही केलेलं प्रूफ म्हणजे चूक तुमची.

पुरावा म्हणून काय जपायचं?

कात्रण नको, पूर्ण अंक ठेवा. कात्रणावर तारीख नसते, पत्राचं नाव नसतं, आवृत्तीही कळत नाही. एकाच दैनिकाच्या अनेक आवृत्त्या निघतात आणि तुमची नोटीस त्यातल्या एकाच आवृत्तीत असू शकते. तीन-चार अंक घ्या, बिल आणि पावती जोडा. अमेरिकेत प्रकाशक नोटीस अमुक तारखांना छापल्याचं प्रतिज्ञापत्र करून देतो. आपल्याकडे न्यायालयात अंकच दाखल करतात.

माझ्याच मिळकतीची नोटीस दिसली तर काय करू?

पेपर जपून ठेवा आणि त्याच दिवशी लेखी हरकत पाठवा, पोच मिळेल अशा रीतीनं. फोनवर सांगितलेलं धरू नका. हक्क कशावरून आहे ते थोडक्यात लिहा, कागदांच्या प्रती जोडा. नोटिशीत मूळ कागद मागितले असले तरी ते कुणाच्या हाती देऊ नका, दाखवायची तयारी कळवा. नोटीस न्यायालयाची असेल तर हरकतीचं पत्र पुरत नाही. तारखेला हजर राहावं लागतं.

नोटीस माझ्या पाहण्यात आलीच नाही आणि निकाल एकतर्फी लागला. आता?

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी आदेश ९, नियम १३ आहे, मुदत ३० दिवसांची. हे ३० दिवस एरवी हुकूमनाम्याच्या तारखेपासून धावतात. पण समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. आणि मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ खाली एक छोटं स्पष्टीकरण आहे: या मोजणीपुरती आदेश ५, नियम २० खालची पर्यायी बजावणी ही रीतसर बजावणी समजायची नाही. म्हणजे समन्स नुसतं पेपरात छापून बजावलं असेल तर तुमचे दिवस तुम्हाला कळल्यापासून सुरू होतात. पेपर कुणी वाचत नाही हे कायदा लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. अर्थात कधी कळलं हे तुम्हालाच पटवून द्यावं लागेल, आणि अर्ज केला म्हणजे तो मंजूर झालाच असं नव्हे.

आता सगळं ऑनलाइन असताना कागदाचा हट्ट कशाला?

हट्ट हळूहळू सैल होतोय. भूसंपादनाच्या कायद्यात संकेतस्थळ आलंच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं २०२३ पासून सरकारी नोटिसा काही अटींवर काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) संकेतस्थळावर देण्याची मुभा दिली. शोधण्याच्या सोयीत संकेतस्थळ केव्हाही पुढे: आपलं नाव टाकलं की सापडतं. पण सरकारच्याच संकेतस्थळावरचा मजकूर सरकारच बदलू शकतं, आणि तो ‘तिसरा’ मधून निघून जातो. वर्तमानपत्रांना या नोटिसांतून पैसा मिळतो, त्यामुळे त्यांनी कागदाची बाजू घेणं स्वाभाविकच. म्हणून त्यांचा मुद्दा खोटा ठरत नाही. मला विचाराल तर दोन्ही ठिकाणी द्यावी, निदान आणखी काही वर्षं.

‘आमचा मुलगा आमच्या सांगण्याबाहेर आहे, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी नोटीस दिली तर त्याचा वारसा तुटतो का?

तुटत नाही. सज्ञान मुलाच्या उधारीला आईवडील तसेही जामीन नसतात, त्यामुळे सावकारांना इशारा यापलीकडे तिचं फारसं वजन नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता त्याला जाऊ द्यायची नसेल तर मृत्युपत्र करावं लागतं, वडिलोपार्जित असेल तर त्याचा हिस्सा नोटिशीनं हलत नाही. तरी लोक देतात. एक वडील महिन्यानं परत आले होते, मुलगा घरी आला म्हणून. ‘पहिली नोटीस रद्द समजावी’ एवढीच ओळ त्यांना छापून हवी होती, आणि ती आधीच्यापेक्षा मोठ्या टाइपात.